घराला दोन राखणदार : ड्युअल टेक्नॉलॉजी मोशन सेन्सर कसा काम करतो?



आजच्या पाठाची सुरुवात माझ्या ताईच्या घरातल्या एका प्रसंगाने करते. मागच्या मे महिन्यात ताई आणि भावोजी आठ दिवस कोकणात गेले होते. निघण्याआधी त्यांनी हॉलमध्ये एक अलार्म बसवून घेतला. घरात कोणी शिरलं की भोंगा वाजणार आणि शेजारच्या काकांना फोन जाणार, अशी सोय. पहिल्या रात्री दोन वाजता फोन गेला. काका सत्तरीचे, गुडघे दुखतात, तरी हातात काठी घेऊन जिना उतरले. घर बंद, कडीकुलूप जागेवर, कुणी नाही. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच. चौथ्या रात्री काकांनी फोनच उचलला नाही.

सुदैवाने त्या रात्रीही चोर आलेला नव्हता. पण आला असता तरी काका उठले नसते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी वर्गात सांगितली आहे. ताईच्या हॉलमधलं ते पांढरं डबडं त्या गोष्टीतल्या मुलासारखंच वागत होतं. फरक इतकाच, की त्या मुलाला खोटं बोलतोय हे ठाऊक होतं. सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे फसत होता.

असं फसणं कमी व्हावं म्हणून एकाच डब्यात दोन वेगवेगळ्या पद्धतींचे सेन्सर बसवतात. त्याला ड्युअल टेक्नॉलॉजी मोशन सेन्सर म्हणतात. तो कसा काम करतो, दोन सेन्सर का लागतात आणि दोन लावले की काय कमावतो, काय गमावतो, हे आज आपण समजून घेऊया. यात अवरक्त किरण आहेत, डॉप्लर परिणाम आहे, लॉजिक गेट आहे आणि संभाव्यतासुद्धा आहे. म्हणजे शाळेत वेगवेगळ्या तासांना शिकवलेल्या चार गोष्टी एका डबीत एकत्र येतात.

पहिला राखणदार : उष्णता ओळखणारा

यातला पहिला सेन्सर म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड, थोडक्यात पीआयआर. सोसायटीच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्यातही बहुतेक वेळा हाच सेन्सर असतो.

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून तापमान मोजलं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण बाहेर टाकत असते. भिंत टाकते, खुर्ची टाकते, तुम्ही-आम्हीही टाकतो. आपल्या त्वचेतून निघणाऱ्या किरणांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. दृश्य प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा, त्यामुळे आपलं हे ‘तेज’ आपल्याला स्वतःला दिसत नाही.

इथे मुलांचा हमखास एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, सेन्सर किरण सोडतो आणि चोर आडवा आला की किरण तुटतो. सिनेमात दाखवतात तसं. पण पीआयआर काहीच सोडत नाही. तो नुसता बघतो. ‘पॅसिव्ह’ या शब्दाचा अर्थ तोच.

बघतो म्हणजे नक्की काय करतो? त्याच्या आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचा छोटासा तुकडा असतो. हा पदार्थ तापला किंवा थंड झाला, की त्याच्यावर विद्युतप्रभार निर्माण होतो. तापमान स्थिर राहिलं तर काही नाही, बदललं तरच संदेश. आणि असे तुकडे एक नव्हे, दोन असतात, शेजारी शेजारी आणि एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले. दुपारी सगळी खोलीच तापली तर दोन्ही तुकड्यांवर सारखाच परिणाम होतो, एक अधिक आणि एक उणे, बेरीज शून्य. पण माणूस समोरून आडवा गेला की त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. संदेश आधी वर जातो, मग खाली येतो. हा चढउतार दिसला की सेन्सर म्हणतो, ‘काहीतरी हललं.’

त्या डबीवरचं दुधी रंगाचं, बारीक रेघांचं प्लॅस्टिक हे नुसतं झाकण नाही, ते भिंग आहे. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी बनवलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगाचं हे छोटं रूप. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा बसवलं गेलं. तिथे ते आतला उजेड दूर फेकायचं, इथे ते बाहेरची ऊब आत गोळा करतं. या प्लॅस्टिकवर एक नव्हे, अनेक भिंगं असतात. त्यामुळे खोलीचे पंख्याच्या काड्यांसारखे पट्टे पडतात : एक पट्टा दिसणारा, मग थोडी फट, परत दिसणारा पट्टा. माणूस चालताना एकातून दुसऱ्यात जातो आणि दर वेळी चढउतार होतो.

तो कुठे फसतो?

पीआयआरला माणूस कळत नाही, त्याला फक्त हलणारा तापमानातला फरक कळतो. ताईच्या घरी नेमकं तेच झालं. बंद घर दिवसभर तापलेलं. रात्री व्हेंटिलेटरमधून गार झुळूक यायची आणि त्यासमोरचा पडदा हलायचा. पडदा एका तापमानाचा, मागची भिंत दुसऱ्या. सेन्सरच्या लेखी ते चालणं-फिरणंच.

एसी किंवा हीटरची हवा, खिडकीतून जमिनीवर पडणारा आणि ढगांमुळे कमी-जास्त होणारा उन्हाचा कवडसा, घरातलं मांजर, यांनीही तो फसू शकतो.

उलट बाजूही आहे. काही वेळा खरा माणूस समोर असूनही तो त्याला दिसत नाही. विदर्भातला मे महिना आठवा. बंद खोलीतल्या भिंती ३५-३६ अंशांवर गेल्या, तर माणसाची त्वचा-कपडे आणि भिंत यांच्यात फरक उरतोच किती? पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने लिहिल्यासारखं होतं. चांगल्या सेन्सरमध्ये खोलीचं तापमान पाहून संवेदनशीलता आपोआप वाढवण्याची सोय असते, तरी अडचण पूर्ण जात नाही. दुसरं म्हणजे काच. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाशाला वाट देते, पण ९-१० मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांना अडवते. त्यामुळे काचेपलीकडचा माणूस पीआयआरला दिसत नाही. तिसरं, माणूस सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आला तर तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि चढउतार कमी होतो.

हे तिन्ही मुद्दे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या राखणदाराचं सगळं याच्या उलट आहे.

दुसरा राखणदार : हालचाल मोजणारा

दुसरा सेन्सर मायक्रोवेव्हचा, म्हणजे सूक्ष्मलहरींचा. या लहरींशी भारताचं जुनं नातं आहे. १८९० च्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरींवर प्रयोग करून दाखवले होते. आपल्या सेन्सरमधल्या लहरी त्याच कुळातल्या, थोड्या लांब.

हा सेन्सर स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी तपासतो. वटवाघूळ जे आवाजाने करतं, ते हा विद्युतचुंबकीय लहरींनी करतो. प्रचलित सेन्सरांपैकी अनेकांची वारंवारता १०.५२५ गिगाहर्ट्झ असते, तर काही २४ गिगाहर्ट्झवर चालतात.

खोलीत सगळं स्थिर असेल तर परत येणारी लहर पाठवलेल्याच वारंवारतेची असते. पण वस्तू सेन्सरकडे येत असेल तर परतीच्या लहरींची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर किंचित घटते. हाच डॉप्लर परिणाम. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये तो मांडला. १८४५ मध्ये बाइस बॅलट यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टजवळ तो तपासून पाहिला, तोही मोठ्या गमतीशीर पद्धतीने : धावत्या आगगाडीत ट्रम्पेटवादक बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेली माणसं उभी केली. गाडी जवळ येताना सूर चढा लागला, दूर जाताना उतरला. आपल्याला यासाठी उट्रेख्टला जायला नको. हॉर्न वाजवत जाणारी एसटी रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकली तरी पुरे.

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीच्या मुलालाही कळेल. १०.५२५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २.८५ सेंटिमीटर. समजा, एक माणूस सेकंदाला १ मीटर या वेगाने सेन्सरकडे चालत येतोय. एका सेकंदात लहरींचा जाण्याचा मार्ग १ मीटरने कमी झाला, येण्याचाही १ मीटरने. एकूण २ मीटर, म्हणजे २०० सेंटिमीटर. २०० भागिले २.८५, साधारण ७०. त्या सेकंदात सेन्सरला सुमारे ७० लहरी जादा मिळाल्या. म्हणून पाठवलेली लहर आणि परत आलेली लहर यांच्या वारंवारतेत ७० हर्ट्झचा फरक पडतो.

अब्जावधींमध्ये ७०! वेगवेगळं मोजायला गेलं तर हा फरक हाती लागणं अवघड. म्हणून सेन्सर दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतो, आणि त्यातून फरकाची ७० हर्ट्झची संथ लहर बाहेर पडते. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या की त्यातून एक घुमारा ऐकू येतो, तसंच. ही संथ लहर साध्या इलेक्ट्रॉनिक सर्किटलाही सहज ओळखता येते.

या सेन्सरला उन्हाळ्याची पर्वा नाही. भिंत ३६ अंशांवर असो वा १६, हालचाल ती हालचाल. सरळ चाल करून येणारा माणूस तर त्याला सगळ्यात चांगला कळतो.

आणि हा कुठे फसतो?

सूक्ष्मलहरी काच, प्लायवूड, पातळ पार्टिशन यांतून आरपार जातात. त्यामुळे खिडकीबाहेरच्या पॅसेजमधून जाणारा दूधवालाही त्याला ‘आत’ वाटू शकतो. फिरणारा पंखा ही त्याच्यासाठी मोठी डोकेदुखी. आपल्याकडे वीज जाते-येते, आणि घर सोडताना पंख्याचं बटण चालू राहिलं असेल तर मध्यरात्री वीज आल्यावर पंखा फिरू लागतो. सेन्सर म्हणणार, हलतंय! वाऱ्याने थरथरणारा पत्रा, प्लॅस्टिकच्या पाइपमधून वाहणारं पाणी, हेही त्याला हालचालीसारखं दिसतं. जुन्या ट्यूबलाइटच्या आतला वायू सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त चेततो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्याचाही त्रास होतो, म्हणून १०० हर्ट्झचा संदेश गाळून टाकण्याची सोय करावी लागते.

शिवाय माणूस सेन्सरपासून सारखंच अंतर राखून आडवा गेला, तर अंतर बदलत नाही आणि डॉप्लर फरक जवळजवळ नाहीसा होतो.

दोघांचं एकमत झालं तरच भोंगा

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पडदा आणि गार झुळूक पीआयआरला फसवतात. मायक्रोवेव्ह पडद्यातून बऱ्यापैकी आरपार जातो आणि हवेच्या तापमानाशी त्याला देणंघेणं नाही. पंखा मायक्रोवेव्हला फसवतो, पण पंख्याची पाती खोलीइतक्याच तापमानाची असल्याने पीआयआर सहसा शांत राहतो. पार्टिशनपलीकडचा माणूस मायक्रोवेव्हला दिसतो, पीआयआरला दिसत नाही. एकाला फसवणारी गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्याला फसवत नाही. पण खोलीत शिरलेला माणूस उबदारही असतो आणि हलतही असतो. तो दोघांनाही जाणवतो.

म्हणून ड्युअल सेन्सरमध्ये दोघांचे निकाल एका अँड गेटमधून जातात. बारावीला हे गेट शिकवतो, तेव्हा मुलं कोष्टक पाठ करतात आणि विसरतात. हे उदाहरण द्या :

– पीआयआर ०, मायक्रोवेव्ह ० : घर शांत, भोंगा ०
– पीआयआर १, मायक्रोवेव्ह ० : बहुधा झुळूक किंवा ऊन, भोंगा ०
– पीआयआर ०, मायक्रोवेव्ह १ : बहुधा पंखा किंवा पलीकडची हालचाल, भोंगा ०
– पीआयआर १, मायक्रोवेव्ह १ : कोणीतरी आहे, भोंगा १

प्रत्यक्षात दोघांनी एकाच क्षणी ‘हो’ म्हणायला हवं असं नाही. एकाचा संदेश आला की सेन्सर काही सेकंद थांबतो आणि तेवढ्यात दुसऱ्याचाही आला तर भोंगा वाजवतो. संध्याकाळी पडदा हलला आणि रात्री पंखा फिरला, तर या दोन गोष्टींची बेरीज होत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस प्रकारात आणखी एक युक्ती असते : लहरी सोडायला वीज लागते, म्हणून मायक्रोवेव्ह झोपलेला ठेवतात आणि पीआयआरने हाक मारली तरच त्याला उठवतात.

नफा किती, तोटा किती?

आता गणिताच्या शिक्षकांसाठी. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेले आहेत.

समजा, एकटा पीआयआर १०० रात्रींतून एका रात्री उगाच ओरडतो. म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा. मायक्रोवेव्हही तसाच, १०० तून एकदा. दोघांच्या चुकांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोघंही एकाच रात्री चुकण्याची शक्यता १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० रात्रींतून एक. १०,००० रात्री म्हणजे सुमारे २७ वर्षं! काकांची झोप वाचली.

पण हिशेब इथेच थांबवला तर तो अर्धवट आहे. समजा, खरा चोर आला तर प्रत्येक सेन्सर १०० पैकी ९५ वेळा त्याला ओळखतो. दोघांनीही ओळखायला हवं असेल, तर ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे साधारण ९० वेळाच भोंगा वाजेल. आधी १०० तून ५ सुटत होते, आता १० सुटतील. दोघांचं एकमत मागितलं की खोटी ओरड कमी होते आणि खरा माणूस सुटण्याची शक्यता वाढते. विदर्भातल्या तापलेल्या खोलीत पीआयआर आंधळा झाला, तर मायक्रोवेव्हने कितीही बोंब मारली तरी अँड गेट गप्प राहणार.

मग अँड ऐवजी ऑर गेट लावलं तर? कोणीही एक बोलला की भोंगा. चोर क्वचितच सुटेल, पण खोटी ओरड जवळजवळ दुप्पट होईल, आणि चौथ्या रात्री काका फोन उचलणार नाहीत. ज्या अलार्मवर कुणाचा विश्वास नाही, त्याची ओळखण्याची ताकद १०० टक्के असली तरी उपयोग शून्य. घरातल्या अलार्मसाठी बहुधा अँड निवडतात, ते म्हणूनच.

आणखी एक अट या गणितात दडलेली आहे, ती मुलांना नक्की विचारा. आपण गुणाकार केला, कारण दोघांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या. समजा, एकाच डबीत दोन पीआयआर बसवले असते तर? झुळूक आली की दोघंही एकदमच फसले असते, आणि साक्षीदार दोन असूनही साक्ष एकच झाली असती. सख्ख्या मित्रांनी एकमेकांची बघून लिहिलेली उत्तरं जुळली, म्हणून ती बरोबर ठरत नाहीत, हे आपल्याला पेपर तपासताना चांगलं ठाऊक असतं. तसंच हे. इथे एक ऊब बघतो आणि दुसरा अंतरातला बदल मोजतो, म्हणून त्यांच्या एकमताला किंमत आहे.

ही अट कधी कधी मोडतेही. आपल्या घरातली पाल! ती सेन्सरच्या भिंगावरच चढली, तर इतक्या जवळून पीआयआरला तिचा छोटा देहसुद्धा मोठा दिसतो, आणि तिचं हलणं मायक्रोवेव्हलाही कळतं. एकच पाल, दोघंही फसले. म्हणून डबी पुसून स्वच्छ ठेवायची आणि वायरीचं भोक नीट बंद करायचं, म्हणजे मुंग्या-कीटक आत शिरणार नाहीत आणि त्यांच्या मागे पालही येणार नाही.

कोपराच का?

तुमच्या लक्षात आलं असेल : पीआयआरला आडवं चालणं चांगलं दिसतं, मायक्रोवेव्हला समोरून येणं. दोघांचं एकमत हवं असेल तर माणूस तिरका चालायला हवा. चोराला तसं सांगता येत नाही, पण सेन्सर कुठे बसवायचा हे आपल्या हातात आहे. खोलीच्या कोपऱ्यात, साधारण सात-साडेसात फुटांवर बसवला, की दारातून आत जाणाऱ्या बहुतेक वाटा त्याच्यासाठी तिरक्या होतात. तरी उंची आणि कोन यांबाबत त्या सेन्सरसोबत आलेल्या माहितीपत्रकात असेल तेच पाळा.

बसवून घेताना पालकांनी एवढं पाहावं :

– सेन्सरचं तोंड खिडकीकडे, एसीकडे किंवा थेट उन्हाकडे नको.
– समोर पंखा किंवा हलणारा पडदा नको. कपाट आड येत असेल तर त्यामागचं पीआयआरला दिसणार नाही.
– मायक्रोवेव्हचा पल्ला बहुधा कमी-जास्त करता येतो. तो खोलीपुरताच ठेवा. पल्ला जास्त ठेवला तर शेजाऱ्यांच्या घरातली हालचालही मोजली जाईल.
– बसवल्यावर ‘चालून पाहण्याची चाचणी’ करून घ्या. या वेळी डबीवरचे छोटे दिवे कोणता सेन्सर जागा झाला ते दाखवतात. दारातून, खिडकीजवळून, हळू, भरभर, असं सगळीकडून चालून पाहा. मग खोलीबाहेर उभं राहून पंखा लावा, आणि भोंगा गप्प राहतो का तेही पाहा.
– ही चाचणी उन्हाळ्यात एकदा, दुपारी खोली तापलेली असताना, पुन्हा करा.

पालक नेहमी विचारतात ते दोन प्रश्न

*मायक्रोवेव्ह म्हणजे ओव्हनमधल्याच लहरी ना? मुलांना त्रास होणार नाही?* लहरींचं कूळ एक, पण जोर पाहा. ओव्हनची शक्ती शेकडो वॅट असते आणि ती बंद पेटीत कोंडलेली असते. सेन्सरची काही मिलिवॅट, वॅटचा हजारावा भाग या मापात. आपला मोबाइल बोलताना यापेक्षा बरीच जास्त शक्ती वापरू शकतो. शिवाय या लहरी क्ष-किरणांसारख्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या नाहीत.

*तो आमचं चित्र काढतो का?* नाही. त्यात कॅमेरा नाही. त्याला तुमचा चेहरा कळत नाही, ‘उबदार’ आणि ‘हलणारं’ एवढंच कळतं. म्हणूनच तो घरच्या माणसातला आणि चोरातला फरकही करू शकत नाही. तो फरक करायला कोड दाबून अलार्म चालू-बंद करणारे आपणच लागतो.

वर्गात काय करता येईल?

१. *काचेचा प्रयोग.* आपोआप लागणारा पीआयआर दिवा घ्या. समोर हात हलवा, दिवा लागेल. तो विझल्यावर मध्ये काचेची मोठी तावदान धरा आणि काचेमागून हात हलवा. डोळ्यांना सगळं दिसतंय, तरी दिवा लागत नाही. ‘पारदर्शक’ हा शब्द कोणत्या किरणांसाठी, या प्रश्नावर छान चर्चा होते. काच मोठ्यांनीच धरावी.

२. *दोन राखणदारांचा खेळ.* दोन मुलांना राखणदार करा. एकाचे डोळे बांधा, त्याने फक्त ऐकायचं. दुसऱ्याच्या कानात कापूस, त्याने फक्त बघायचं. बाकीची मुलं कधी नुसता आवाज करतील, कधी आवाज न करता हलतील, कधी दोन्ही करतील. तिसरा मुलगा अँड गेट : दोघांचे हात वर असले तरच टाळी. मग नियम बदलून ऑर गेट करा. फळ्यावर दोन्ही वेळचे खोटे इशारे आणि सुटलेले चोर मोजा. पाचवीची मुलंही नफा-तोटा स्वतःच सांगतात.

३. *खरा ड्युअल सेन्सर.* शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर एचसी-एसआर५०१ हे पीआयआर मॉड्यूल, आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे मायक्रोवेव्ह मॉड्यूल आणि एक आर्डुइनो पुरे. दोन्ही मॉड्यूलना ५ व्होल्ट द्या, त्यांचे निकाल आर्डुइनोच्या दोन पिनांवर घ्या, आणि ‘दोन्ही १ असतील तर बझर वाजव’ एवढाच प्रोग्रॅम लिहा. पीआयआरला स्थिरावायला सुरुवातीला साधारण मिनिटभर द्या. मग मुलांनाच सांगा, याला फसवून दाखवा. पंखा लावतील, दाराआड उड्या मारतील, कागद हलवतील. प्रत्येक वेळी कोण फसला आणि का, हे वहीत लिहायचं.

४. *विचार करायला प्रश्न.* आगीची सूचना देणाऱ्या यंत्रात धूर आणि उष्णता असे दोन सेन्सर असतील, तर तिथे अँड लावाल की ऑर? उत्तर आणि कारण दोन्ही हवं. चोर सुटण्याची किंमत आणि आग न कळण्याची किंमत मुलं कशी तोलतात, ते ऐकण्यासारखं असतं.

ताईच्या घरी पुढे काय झालं?

सुट्टीवरून आल्यावर ताईने सेन्सर बदलून ड्युअल बसवला, आणि व्हेंटिलेटरसमोरची जागा सोडून दाराशेजारच्या कोपऱ्यात घेतला. पंख्याची बटणं बंद आहेत ना, हे बघूनच आता ते गावाला निघतात. काकांकडे ती स्वतः गेली, चाचणी करून दाखवली, पडदा हलवून दाखवला, पंखा लावून दाखवला. काका नुसते ‘बघू’ म्हणाले.

मग दिवाळीत एके दुपारी भोंगा वाजला. भाचा हॉस्टेलवरून एक दिवस आधीच आला होता, स्वतःच्या किल्लीने आत शिरला आणि कोड दाबायला विसरला. दोन मिनिटांत दारात काका हजर, हातात तीच काठी! भाच्याने वाकून नमस्कार केला आणि काकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ताईला फोनवर ते सांगत होते, ‘सहा महिन्यांत एकदाच वाजला गं, म्हटलं आता जायलाच हवं.’

तुमच्या घरी किंवा शाळेत असा सेन्सर असेल तर या आठवड्यात मुलांना घेऊन त्याच्यासमोरून एकदा चालून पाहा. कोण आधी जागा होतो, पीआयआर की मायक्रोवेव्ह, आणि कुठून चालल्यावर दोघांचं एकमत होत नाही, हे मुलांनाच शोधू द्या.